मंडळाची किल्ली पोरांच्या हाती द्या : नागपुरातल्या युवक मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि कार्यकारिणीतले सर्व भाऊ-ताई,
नागपुरातील युवक मंडळे, क्रीडा मंडळे, व्यायामशाळा आणि अभ्यासिका

स.न.वि.वि.

मार्च संपत आला की मंडळापुढे दोन कामे एकदम उभी राहतात. 31 मार्चला वही बंद करायची आणि उन्हाळी शिबिराची जुळवाजुळव करायची. ही कामे तुम्ही वर्षानुवर्षे करत आला आहात आणि मनापासून करत आला आहात. महालातला जुना आखाडा असो की इंदोऱ्यातल्या विहाराला लागून असलेली अभ्यासिका, जे काही चालू आहे ते तुमच्यासारख्यांच्या चपला झिजल्या म्हणून चालू आहे. हे पुरते ठाऊक असूनच हे पत्र लिहितो आहोत. आमचे मागणे एकच आहे. या वर्षी मंडळाचा कारभार पोरापोरींच्या हाती द्यायला सुरुवात करा. नुसते भाषणात सांगू नका, कागदावर, बँकेत आणि मैदानावर द्या.

2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणाने युवा म्हणजे 15 ते 29 वर्षे असे धरले आहे. आपल्या लेटरहेडवरची नावे एकदा या आकड्याशी ताडून पाहा. कित्येक मंडळांत तिशीच्या आतले एकही नाव सापडत नाही. पोट्टे येतात, खेळतात, मांडवाचे बांबू उचलतात, सतरंज्या झटकतात आणि पंचविशीत नोकरीसाठी पुण्याला निघून जातात. मंडळाचे पासबुक त्यांनी तोवर पाहिलेलेही नसते. मग एक दिवस सचिवांची तब्येत बिघडते किंवा त्यांची बदली होते आणि मंडळाचे सगळे काम जागच्या जागी थांबते. माणसे असतात, मैदान असते, खात्यात पैसेही असतात, पण सही कोणाची चालते हे कोणालाच सांगता येत नाही.

सुरुवात दप्तराच्या पिशवीपासून करा. बहुतेक मंडळांचे दप्तर एका रेक्झिनच्या पिशवीत, सचिवांच्या घरी, दिवाणाखाली असते. एका रविवारी ती पिशवी सतरंजीवर उलटी करा आणि समोर मंडळातली विशीतली चार मुले-मुली बसवा. त्यांनी एकेक कागद हातात घेऊन तो काय आहे हे मोठ्याने वाचायचे आणि यादी करायची. यादीत काय काय असायला हवे? संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खालचे प्रमाणपत्र, ज्यावर ‘महा’ने सुरू होणारा क्रमांक आणि वर्ष असते. सार्वजनिक न्यास म्हणून झालेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र, ज्याचा क्रमांक सहसा ‘एफ’ने सुरू होतो. ही दोन वेगवेगळी कागदपत्रे आहेत आणि अर्ज करताना दोन्ही क्रमांक लागतात, हेच अनेकांना माहीत नसते. त्यानंतर मंजूर विधान व नियमावली, धर्मादाय कार्यालयाकडचा शेड्यूल वनचा उतारा (म्हणजे मंडळाच्या विश्वस्तांची नावे आणि मालमत्ता दाखवणारी तिथली नोंद), मंडळाचे पॅन, पासबुक आणि चेकबुक, इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, लेखापरीक्षण अहवाल, साहित्याची नोंदवही आणि खोली किंवा मैदान वापरण्याचे परवानगीपत्र.

जो कागद सापडणार नाही त्याच्यासमोर ‘नाही’ असे स्वच्छ लिहा. नोंदणीच्या कागदांची प्रमाणित नक्कल धर्मादाय कार्यालयात अर्ज करून मिळते, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. मूळ कागद लॅमिनेट करू नका. त्यावर नंतर शिक्का बसत नाही आणि जुना कागद प्लॅस्टिकला चिकटून कायमचा जातो. सगळ्यांचे स्कॅन करून मंडळाच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि त्याचा पासवर्ड तिघांना द्या. मूळ प्रती पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर ठेवा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. दिवाणाखालच्या पिशवीला अशा रात्री कोणी वाचवू शकत नाही.

आता चेंज रिपोर्ट, म्हणजे फेरफार अर्ज. याच्यावर जरा थांबतो, कारण मंडळे मोडतात ती बहुतेक इथेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे कार्यकारिणीत बदल झाला की 90 दिवसांच्या आत तो धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. निवडणूक झाली, हार घातले, पेपरात फोटो आला, म्हणजे बदल झाला असे आपण धरतो. कार्यालयाच्या नोंदवहीत मात्र जुनीच नावे राहतात आणि बँक त्या नोंदवहीलाच मानते. नवा कोषाध्यक्ष बँकेत गेला की शेड्यूल वनचा ताजा उतारा मागतात. त्यात 12 वर्षांपूर्वीची नावे निघतात, त्यांतले दोघे वारलेले आणि एक मुलाकडे नाशिकला राहायला गेलेला. इथून पुढे गाडी हलत नाही.

यात आणखी एक गाठ आहे. मधल्या काळातल्या तीन निवडणुकांचे अर्ज केलेच नसतील तर एकदम आजची नावे चढत नाहीत. आधीचा बदल मंजूर झाल्याशिवाय पुढचा उभा राहत नाही, म्हणून प्रत्येक कार्यकाळाचा वेगळा अर्ज क्रमाने करावा लागतो. पुरेसे कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि खर्चही भरावा लागू शकतो. त्यातच एखाद्या जुन्या सदस्याने हरकत घेतली की प्रकरण सुनावणीला लागते आणि वर्षानुवर्षे रेंगाळते. हरकत घेणारा दुष्ट असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला सभेची नोटीसच मिळालेली नसते.

अर्जासोबत काय लावायचे ते नीट समजून घ्या. विषयपत्रिकेसह सभेची नोटीस, ती मिळाल्याची पोच, उपस्थितांच्या सह्यांचा कागद, इतिवृत्त आणि ठराव, नव्याने निवडलेल्या प्रत्येकाचे संमतीपत्र, पायउतार झालेल्यांचे राजीनामे, कोणी वारले असल्यास मृत्यूचा दाखला आणि अर्जदार विश्वस्ताचे प्रतिज्ञापत्र. यातले सगळ्यात जास्त वेळा अडकते ते पोचेवर. सभा व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलावलेली असते आणि नियमावलीत लिहिलेले असते ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ किंवा ‘रजिस्टर पोस्टाने’. पहिली सोय टपाल खात्याने 2011 मध्येच बंद केली. दुसरी 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. तेव्हा 1980-90 च्या दशकातली आपली नियमावली काढून नोटिशीचे कलम वाचा, ते दुरुस्त करून घ्या, आणि दुरुस्ती मंजूर होईपर्यंत व्हॉट्सॲपच्या जोडीला नोटीस वहीवर फिरवून प्रत्येकाची सही आणि तारीख घ्या. एका वस्तीतले 60-70 सभासद दोन संध्याकाळी होतात. हे काम पायाला पंख असलेल्या पोरांचेच आहे.

मतदार कोण, हाही प्रश्न सभेच्या दिवशी उठतो. 1860 च्या कायद्यातले कलम 15 स्पष्ट आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेली आहे त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून त्याची मोजणीही होत नाही. म्हणून सभासद नोंदवहीत वर्गणीचा रकाना आणि पावती क्रमांक हवाच. नोंदवहीत 200 नावे आणि वर्गणी 14 जणांची, अशी स्थिती असेल तर निवडणुकीच्या आधी ती सावरा. तरुण सभासदांची वर्गणी वर्षाला 50 रुपये ठेवली तरी चालेल, पण ती घ्या आणि पावती द्या. फुकट सभासद केलेला मुलगा ऐन सभेत बाहेर बसतो, आणि तो पुन्हा येत नाही.

कार्यकारिणीत घ्यायचा तो किंवा ती 18 पूर्ण असलेली हवी, हे सांगायला नकोच. 15 ते 17 च्या मुलांसाठी वेगळी बाल-युवा समिती करा, त्यांना सभेला बसू द्या, बोलू द्या, सही मात्र मोठ्यांची.

पैशाकडे वळतो. खात्यावर तीन सह्या ठेवा, कोणत्याही दोन चालतील अशा. त्या तिघांत एक 30 च्या आतला असावा आणि एक बाई असावी. दोन वर्षे खात्यात आपल्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर बँक ते खाते निष्क्रिय करते, आणि दहा वर्षे तसेच पडून राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती परत मिळवता येते, पण तेव्हाही शेड्यूल वनचा ताजा उतारा मागतातच. म्हणजे गाडी पुन्हा चेंज रिपोर्टवर येऊन थांबते.

पावतीपुस्तकांची शिस्त साधी आहे. छापतानाच पुस्तकाला आणि प्रत्येक पावतीला क्रमांक टाका. कोणते पुस्तक कोणाला कोणत्या तारखेला दिले याची एक वही ठेवा. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, तिच्यावर ‘रद्द’ लिहून स्थळप्रतीला टाचायची. अर्धवट राहिलेले पुस्तक उत्सव संपल्यावर आठ दिवसांत परत घ्यायचे. हिशेबात फट पडते ती चोरीमुळे क्वचितच. बहुतेकदा 17 नंबरचे पुस्तक कुणाच्या तरी गाडीच्या डिक्कीत राहते, पैसे मंडपाच्या मजुरीत खर्च होतात, आणि ना जमा लिहिली जाते ना खर्च. वर्गणी रोख आली तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बँकेत भरा आणि खर्च खात्यातून करा. गोळा केलेल्या रोखीतूनच खर्च भागवत गेले की वहीचा ताळा कधीच लागत नाही.

आणि तो क्यूआर कोड. मांडवाच्या दाराशी लावलेला क्यूआर कोड कोषाध्यक्षांच्या स्वतःच्या मोबाईल नंबरचा असतो, हे आज सर्रास दिसते. हेतू स्वच्छ असतो, सोय म्हणून केलेले असते. पण पैसा त्यांच्या खात्यात जातो, त्यांच्या पगारात आणि किराण्यात मिसळतो, आणि वर्षअखेरीस तेच सगळ्यांत जास्त अडचणीत येतात. मंडळाच्या खात्याचा क्यूआर बँकेतून मिळतो. तो घ्या, आणि जुना आजच काढून टाका.

ज्या मंडळांची नोंदणीच झालेली नाही आणि ती गणेशोत्सवासाठी किंवा जयंतीसाठी वर्गणी गोळा करतात, त्यांनी 1950 च्या त्याच विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी आधी घ्यायची असते आणि नंतर हिशेबही द्यायचा असतो. नोंदणीकृत मंडळाची वही 31 मार्चला बंद होते आणि लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, व्हायला हवे. ऑगस्ट-सप्टेंबरात पोळा, मारबत, गणपती असे सगळे एकामागून एक येते, म्हणून सनदी लेखापालाकडे कागद जूनमध्येच पोहोचवा. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला वाणिज्य शाखेची दोन मुले-मुली बसवा. त्यांना ते कॉलेजात पुस्तकातून शिकवतातच, इथे खऱ्या व्हाउचरवर हात बसेल.

मैदान. आपल्या लेआउटांतली मोकळी मैदाने बहुतेक महानगरपालिकेची किंवा नागपूर सुधार प्रन्यासची असतात. 30 वर्षे झाडलोट केली म्हणून ती मंडळाची होत नाहीत. लेखी परवानगी, तिची मुदत आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लावून ठेवा. मैदानात पक्के बांधकाम करू नका. एका पत्र्याच्या शेडपायी अख्ख्या वस्तीचे मैदान वादात सापडते.

कबड्डीचे मैदान आखणे हे 16 वर्षांच्या पोरांना पूर्ण सोपवावे असे काम आहे, म्हणून ते तपशिलात सांगतो. आपली काळी माती पावसात चप्पल ओढून घेते आणि मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर थेट खेळवले की घोटे मुरगळतात. वरची ढेकळे काढून सहा इंच मुरूम टाका, पाणी मारून दाबा, आणि वर दोन-तीन इंच चाळलेली माती पसरा. मुरूम वर राहू देऊ नका, गुडघे सोलतात. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून 13 मीटर लांबीत 13 सेंटिमीटर उतार पुरतो. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा आणि सकाळी रोलर फिरवा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. एवढी ओल असेल तेव्हाच रोलर चालवा. जास्त ओलीवर चालवला तर माती रोलरलाच लागून उठते.

पुरुषांचे मैदान 13 बाय 10 मीटर, महिलांचे 12 बाय 8, दोन्ही बाजूंचे एकेक मीटरचे राखीव क्षेत्र धरून. पुरुषांच्या मैदानात ‘निदान रेषा’ (चढाई करणाऱ्याने ओलांडायलाच हवी ती) मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आणि तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. महिलांच्या मैदानात निदान रेषा 3 मीटरवर. चारही कोन काटकोनात आले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. दोन्ही कर्ण टेपने मोजा. मोठ्या मैदानाचा कर्ण 16.40 मीटर यायला हवा, लहानाचा 14.42. दोन कर्णांत चार बोटांचा फरक पडला तर खुंटी पुन्हा ठोका. रेषांसाठी कळीचा चुना वापरू नका. खेळाडू तोंडावर पडतो, चुना डोळ्यात जातो आणि डोळा भाजतो. खडूची भुकटी किंवा रांगोळी वापरा. ती उडाली तर पुन्हा मारता येते.

उन्हाळी शिबिर हा आपल्या शहरात काळजीने करायचा उद्योग आहे. हवामान खाते मैदानी भागात कमाल तापमान 45 अंशांवर गेले की त्याला सरळ उष्णतेची लाट धरते, आणि आपल्याकडे मे महिन्यात हा आकडा नवा नाही. इथली हवा कोरडी असते. घाम आला की लगेच उडून जातो, मुलाचा शर्ट कोरडा दिसतो आणि प्रशिक्षकाला वाटते की त्याला काही झालेले नाही. शरीरातले पाणी मात्र गेलेले असते. त्यामुळे घाम दिसतो का यावर विसंबू नका.

शिबिर एप्रिलच्या मध्यात सुरू करा आणि 15 मेपर्यंत आटोपा. नवतपाच्या नऊ दिवसांत, म्हणजे साधारण 25 मेनंतर, मैदानावर मुले आणूच नयेत, असे आमचे ठाम मत आहे. सकाळी पावणेसहाला सुरुवात, पावणेआठला मैदान रिकामे. संध्याकाळी सव्वासहाच्या आधी नको, कारण सूर्य कलला तरी जमीन तापलेली असते. अनवाणी खो-खो किंवा कबड्डी खेळवायची असेल तर आधी स्वतःचा तळहात मातीवर टेकवून दहापर्यंत मोजा. पहिल्या आठवड्यात सराव 45 मिनिटांपेक्षा जास्त नको. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी मैदानाच्या दहा चकरा मारायला लावणे ही जुनी पद्धत आहे आणि ती धोक्याची आहे.

पाण्याचा हिशेब असा मांडा. दर 15-20 मिनिटांनी प्रत्येकाला सुमारे 150 मिलिलिटर, तहान लागो न लागो. दोन तासांत एका मुलाला साधारण एक लिटर. 60 मुले असतील तर 60 लिटर, म्हणजे 20 लिटरच्या तीन कॅन, आणि हातपाय-तोंडावर मारायला चौथी. माठ असेल तर त्याहून उत्तम, पण त्याला झाकण आणि लांब दांड्याचा ओगराळा हवा, नाहीतर 60 हात आत बुडतात आणि तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात. ओआरएसची पुडी एक लिटरची की 200 मिलिलिटरची हे वाचून तेवढ्याच पाण्यात कालवा. अंदाजाने घट्ट केले तर ते उलटे नुकसान करते. पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. तयार केलेले 24 तासांनंतर फेकून द्यायचे. फळांच्या चवीची डब्यातली गोड पेये ओआरएस म्हणून देऊ नका.

पाण्याच्या कॅनजवळ 14-15 वर्षांची दोन मुले घड्याळ घेऊन बसवा. शिट्टी त्यांच्याकडे द्या. त्यांची शिट्टी झाली की प्रशिक्षकानेही खेळ थांबवायचा, डाव कितीही रंगात आलेला असो. हा अधिकार एकदा मोठ्यांनी पाळला की त्या मुलांना मंडळ आपले वाटू लागते.

एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजा. त्याला चक्कर म्हणून सोडून देऊ नका. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, पुठ्ठ्याने वारा घाला, काखेत, मानेशी आणि जांघेत बर्फ ठेवा. आधी थंड करायचे, मग हलवायचे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालायचे नाही, ते फुप्फुसात जाते. हे वाचून कळत नाही. पहिल्या दिवशी एका मुलाला झोपवून सगळ्यांकडून रंगीत तालीम करून घ्या.

मुलींबद्दल. ‘आमच्याकडे मुली येत नाहीत’ असे सांगितले जाते. येत नाहीत याची कारणे बहुतेक वेळा मोजता येतात. मैदानावर मुतारी नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, परतीच्या वाटेवरचा दिवा बंद आहे, संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर रिकामटेकडे बसतात, आणि शिकवायला बाई नाही. यातले पहिले चार महिन्याभरात सुटतात. पाचव्यासाठी आपल्याच भागात शाळा-कॉलेजकडून खेळलेल्या मुली शोधा, त्या सापडतात. वेळ मुलींना विचारून ठरवा. पोरांचे झाल्यावर उरलेली अंधाराची वेळ त्यांना देऊ नका.

मुलांच्या सुरक्षिततेत कसलीही सवलत नको. प्रशिक्षक कितीही ओळखीचा असो, पोलीस पडताळणी करून घ्या. एकटा मोठा आणि एकटे मूल बंद खोलीत, ही वेळच येऊ देऊ नका. मालीश, वजन, मोजमाप सगळ्यांसमोर आणि मुलींचे बाईंकडूनच. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘वस्तीची बदनामी नको, आपसांत मिटवू’ असे बैठकीत कोणी म्हणाले तर त्याला तिथेच थांबवा. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक मैदानाच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर रंगवा, मोठ्यांच्या नाही.

आता मुख्य गोष्ट, कारभार सोपवायचा कसा. पोरांना आपण कामाचे तुकडे देतो. बॅनर बांध, खुर्च्या लाव, पाणी आण. तुकड्यातून कोणी शिकत नाही. त्यांना एक लहान पण पूर्ण काम द्या, त्याच्या पैशासकट. तान्हा पोळा त्यासाठी फार सोयीचा आहे. लाकडी नंदी घेऊन येणारी लेकरे, त्यांचे आई-बाप, एक माईक, तीन परीक्षक, बक्षिसे आणि खाऊ. एका संध्याकाळचा कार्यक्रम. 17 ते 22 वयाच्या सहा जणांची समिती नेमा, समजा 8,000 रुपये मंजूर करण्याचा ठराव करा, आणि अंदाजपत्रक, खरेदी, परवानगी, मांडणी, आवराआवर असे सगळे त्यांच्यावर सोडा. अट एकच, आठ दिवसांत व्हाउचर लावून पानभर हिशेब कार्यकारिणीपुढे वाचायचा. बक्षिसे कमी पडतील, माईक उशिरा येईल. पडू द्या, येऊ द्या. मध्येच उठून हातातून काम काढून घेतले तर सहा जणांतले चार पुढच्या वर्षी दिसणार नाहीत. ते नीट झाले की अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या वाटेवरची पाणपोई द्या, त्यापुढे शिबिराचे एक सत्र. ही मोठी कामे, पण रीत तीच.

दीक्षाभूमीच्या वाटेवर लाखो लोकांना पाणी पाजणारी पोरे याच शहरातली आहेत. विजय बारसे यांनी 2001 मध्ये इथेच झोपडपट्टीतल्या मुलांचे फुटबॉल सुरू केले, तेव्हा बूट आणि हिरवळ यांची वाट पाहिली नव्हती. कामाला लागणारी मुले आपल्याकडे कधीच कमी नव्हती.

पदांसाठी एक वर्षाची जोडी लावा. कोषाध्यक्षासोबत सहकोषाध्यक्ष, सचिवासोबत सहसचिव, दोघेही तिशीच्या आतले. पहिले सहा महिने जुन्याने लिहायचे आणि नव्याने पाहायचे, पुढचे सहा महिने नव्याने लिहायचे आणि जुन्याने तपासायचे. बँकेत, धर्मादाय कार्यालयात, महापालिकेच्या झोन कार्यालयात दोघांनी एकत्र जायचे, कारण कोणत्या टेबलावर काय मिळते हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. पुढच्या वार्षिक सभेत पदे बदला, सभेपासून 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी संस्था निबंधकांकडे द्या, 90 दिवसांची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात चेंज रिपोर्ट टाका. तुम्ही सल्लागार म्हणून राहा. सल्लागाराने बैठकीत शेवटी बोलावे, तेही विचारले तर, एवढी एक विनंती आहे. पहिल्यांदा अध्यक्षांच्या खुर्चीच्या शेजारी न बसता समोर बसणे जड जाईल, हे आम्हाला कळते.

मुले एकदम सगळी बाहेरगावी जातील, ही तुमची भीती खरी आहे. म्हणून सहा जणांच्या समितीत कॉलेजातले दोन, इथेच धंदा किंवा नोकरी करणारे दोन आणि लग्न होऊनही वस्तीत राहिलेल्या दोन मुली, असे वाटप ठेवा. कोणी गेला तर दप्तर समजणारे आणखी पाच उरतात.

पिशवी उघडण्याचा दिवस 31 मार्चच्या आधीचा रविवार ठेवा. पोरांना सकाळी सातला बोलवा, ऊन चढायच्या आत काम होते. पेटीला कुलूप नवे घ्या, त्याच्या तीन किल्ल्या असतात. एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे आणि तिसरी त्या दिवशी यादी लिहिणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे. तिन्ही नावे इतिवृत्तात लिहून खाली सह्या घ्या.

आपले,
मंडळांच्या हिशेबाला, मैदानाला आणि शिबिरांना हातभार लावणारे काही कार्यकर्ते
नागपूर